‘कल्टी’ कोशात नाही, मग शब्दच नाही?

प्रश्न :
पुतणीच्या निबंधात ‘मांजराने कल्टी मारली’ असं होतं. बाईंनी ‘कल्टी’भोवती लाल गोल काढून शेजारी लिहिलंय, ‘असा शब्द नाही.’ घरातला खिशाएवढा कोश उघडला, त्यातही मिळाला नाही. पण आम्ही सगळे तर लहानपणापासून बोलतोय! नेमका अर्थ काय सांगाल? आणि कोशात काय घ्यायचं हे ठरतं कशावरून?

उत्तर :
सटकणे. स्त्रीलिंगी, सोबत बहुतेक वेळा ‘मारणे’. पण ‘सटकणे’ला नुसतं निघून जाणंही चालतं, कल्टीत काहीतरी चुकवणं हवं. बिल आलं की कल्टी. पाहुणे रीतसर निरोप घेऊन गेले तर त्यांनी कल्टी मारली असं कोणी म्हणत नाही. (‘चल, कल्टी मार’ म्हणजे मात्र ‘चालता हो’ एवढंच.) आता मांजर काय चुकवणार? मला त्या वाक्यात शब्द नाही, वापर खटकतोय.

उत्तर :
बाईंनी ‘निबंधात नको’ म्हटलं असतं तर पटलं असतं. ‘असा शब्द नाही’ हे भलतंच धाडसी विधान झालं.

कोशाचं काम चालतं चिठ्ठ्यांवर. शब्द, तो आला ते अख्खं वाक्य, कुठे आला, कोणत्या साली. वेगवेगळ्या माणसांच्या आणि वेगवेगळ्या काळातल्या पुरेशा चिठ्ठ्या जमल्या की त्या समोर मांडून अर्थ वेगळे करायचे, व्याख्या सगळ्यात शेवटी. एकाच लेखकाने एकदाच वापरलेला शब्द थांबू शकतो, अनेकांच्या तोंडी असलेला आत जातो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत कोशाचं काम १९४८ साली सुरू झालं. सुमारे १५०० ग्रंथांमधून जवळपास एक कोटी चिठ्ठ्या काढल्या गेल्या. पहिला भाग १९७६ मध्ये आला, आणि ३५ भाग झाले तरी गाडी ‘अ’वरच होती! पुरावा गोळा करायचा म्हटला की हे असं होतं.

मराठीत मोल्सवर्थने आपल्या मराठी-इंग्रजी कोशासाठी (१८३१, सुधारित आवृत्ती १८५७) शास्त्रीमंडळींना हाताशी धरून शब्द जमवले. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ (१९३२ ते १९३८, सात विभाग) वाचनालयात जाऊन जरूर चाळा. ‘(व.)’ म्हणजे वऱ्हाडी, ‘(गो.)’ म्हणजे गोमंतकी, ‘ज्ञा’ दिसलं की ज्ञानेश्वरीतली ओवी. खिशातला कोश हे सगळं गाळतो म्हणून तर खिशात मावतो.

उत्तर :
चिठ्ठ्यांचीही फार पूजा नको. अमेरिकेत वेब्स्टरच्या १९३४ च्या मोठ्या कोशात ‘डॉर्ड’ नावाचा शब्द छापला गेला, अर्थ ‘घनता’. मुळात ती चिठ्ठी होती ‘डी ऑर डी’, म्हणजे मोठा किंवा छोटा डी हा घनतेचा संक्षेप. ती चुकून शब्दांच्या गठ्ठ्यात गेली. १९३९ मध्ये एका संपादकाला या शब्दाला व्युत्पत्तीच नाही हे दिसलं, तेव्हा भांडं फुटलं. उलटी गंमत ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशाची. तिथे संपादक मरेसाहेबांनी ‘अपेंडिसायटिस’ डॉक्टरी शब्द म्हणून वगळला. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक नेमका त्याच दुखण्याने लांबला आणि शब्द घरोघरी गेला. म्हणजे कोशात होता तो शब्द नव्हता, आणि होता तो कोशात नव्हता.

उत्तर :
कल्टी ‘मारतात’ की ‘देतात’? माझा एक मित्र ‘मला कल्टी दिली’ म्हणतो, म्हणजे टांग दिली. ही वेगळी चिठ्ठी करावी लागेल.

प्रश्नकर्ता :
‘मला कल्टी दिली’ मी कधी ऐकलं नव्हतं, लिहून घेतो. मांजराबद्दल खुलासा : वही परत काढून बघितली. मी घाईत अर्धंच वाक्य दिलं होतं. पूर्ण असं आहे, ‘दुधाचं पातेलं पाडून मांजराने कल्टी मारली आणि ओरडा मला बसला.’

पहिल्या क्रमांकाचे उत्तरदाते :
मग वापर चोख आहे. खटकणं मागे घेतो.