टँडेम सायकल : दोघांचे कॉम्प्युटर जुळत नाहीत

नमस्कार मंडळी,

टँडेम घेऊन दोन महिने झाले. मी पुढे, बायको मागे. मागे बसलं की समोर फक्त नवऱ्याची पाठ, म्हणून तिच्या हँडलवरही सायकलचा छोटा कॉम्प्युटर लावला. तेव्हापासून गोंधळ सुरू आहे. परवा झांडफोर्टच्या समुद्रावर जाऊन आलो, तर तिच्या नाडीचे ठोके माझ्या स्क्रीनवर! कॅडन्स, म्हणजे पेडल फिरवायची गती, एका वेळी एकालाच दिसतो. शिवाय एकाच सायकलवर बसून अंतरात अर्ध्या किलोमीटरचा फरक. कुणी हे नीट लावलंय का?
(अ‍ॅम्स्टेलवेन)

---

नमस्कार,

आम्ही दोघं सहा वर्षं टँडेमवर आहोत, यातून गेलोय.

कॅडन्सचा सेन्सर बहुधा ब्लूटूथने जोडलाय. बरेच सेन्सर ब्लूटूथवर एका वेळी एकाच यंत्राशी बोलतात. अँट-प्लस ही दुसरी बिनतारी पद्धत म्हणजे आकाशवाणी: केंद्र एक, रेडिओ कितीही. दोन्ही कॉम्प्युटरवरून सेन्सरची जोडणी काढून अँट-प्लसने पुन्हा जोडा. सेन्सर एकच पुरे; पुढचे-मागचे पेडल जोडणाऱ्या टायमिंग चेनमुळे दोघांचे पाय सारख्याच गतीने फिरतात.

ठोक्यांचं कारणही तेच, रेडिओवर दुसऱ्याचं केंद्र लागलंय. ठोके मोजणारा छातीचा पट्टा अंगावर चढला की जागा होतो. म्हणून आधी एकानेच घालून आपल्या कॉम्प्युटरला जोडायचा, तो उतरवल्यावर दुसऱ्याने. स्क्रीनवर येणारा सेन्सरचा नंबर पट्ट्याच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा.

आता अंतर. चाकावरचा सेन्सर फक्त फेरे मोजून पाठवतो, गुणाकार कॉम्प्युटर करतो. चाकाचा घेर ‘ऑटो’वर असेल तर प्रत्येक कॉम्प्युटर जीपीएसवरून आपापला घेर ठरवतो आणि तिथेच फाटे फुटतात. दोन्हीकडे एकच आकडा हाताने भरा, आणि तोही तक्त्यातला नको. आमच्या ७०० × ३२ टायरला तक्ता २१५५ मिलिमीटर सांगतो. आम्ही हवा भरून, दोघंही वर बसून मोजलं. व्हॉल्व्ह बरोबर खाली आणून फरशीवर खडूची रेघ, एक पूर्ण फेरा सरळ, पुन्हा रेघ. मुलगा बाजूने धरून चालत होता. आकडा आला २१३२. दोघांच्या वजनाने टायर दबतो ना. ६० किलोमीटरच्या फेरीत एवढ्यानेच साडेसहाशे मीटरचा फरक पडतो.

आणि एक मनापासून सांगतो: नकाशा मागच्या कॉम्प्युटरवर ठेवा. पुढच्याची नजर रस्त्यावरच हवी, ब्रेक त्याच्या हातात आहेत. वहिनींनी क्नोपपुंटचे, म्हणजे सायकलमार्गांवरच्या नंबर दिलेल्या चौकांचे, नंबर मागून सांगावेत. वाट दाखवणारा माणूस नुसता मागे बसलेला नसतो.
(उट्रेख्त)

---

काका, नमस्कार. मी मागची.

काल खडू घेऊन बसलो, शेजारच्या आजोबांनी सायकल धरली. आमचा घेर २१२८ निघाला. आज जाऊन आलो: ५४.३ किलोमीटर, दोन्हींवर. ठोके ज्याचे त्याला. आणि सगळे नंबर मी सांगितले, एकही वळण चुकलं नाही. वाऱ्यात मला पहिल्यांदाच कळलं की माझे ठोके दीडशेच्या वर जातात, म्हणजे माझेही पाय ओढताहेत!

एकच राहिलं. दर पाच किलोमीटरला दोन्ही कॉम्प्युटर एकदम वाजतात आणि हा दचकतो. ते कुठून बंद करायचं?

---

ऑटो लॅप, म्हणजे ठरावीक अंतराला आपोआप होणारी नोंद. सेटिंगमधून त्याच्याकडचा बंद कर, तुझा राहू दे. तू सांगशीलच त्याला.