मदत हवी आहे: जुनं वॉल्थर पीपी की नवं देशी .३२? (नागपूर)

नमस्कार मंडळी,

इतवारीत आमची सराफी आहे, बाबांनंतर दुकान मीच बघते. दुकान वाढवून घरी निघायला रात्र होते आणि लग्नसराईत सोबत काय असतं ते इथे लिहीत नाही. अर्ज, पोलीस चौकशी, प्रशिक्षण, डॉक्टरांचा दाखला ही सगळी वरात निघून आयुक्तालयातून परवाना मिळालाय. नॉन-प्रोहिबिटेड बोअर (नागरिकांना मुभा असलेलं कॅलिबर), एक हँडगन. आता घ्यायचं काय, इथे गाडी अडली आहे.

खरं सांगायचं तर मन सर्व्हिस पिस्तुलावर होतं. आपल्या सैन्याचं ९ मिमी, म्हणजे ईशापूरला बनणारं ब्राउनिंगच, मॅगझीनमध्ये १३ गोळ्या. पण ९ मिमी आपल्याकडे प्रोहिबिटेड बोअर, .४५ सुद्धा तसंच. त्यामुळे ग्लॉकचे व्हिडिओ बघायचे आणि गप्प बसायचं. आपल्या वाट्याला .३२.

त्यात एक संधी चालून आली आहे. धरमपेठेतले एक ओळखीचे निवृत्त डॉक्टर त्यांचं वॉल्थर पीपी द्यायला तयार आहेत. हेही मुळात सर्व्हिस पिस्तूलच, १९२९ मध्ये जर्मन पोलिसांसाठी आलेलं. डॉक्टरांचं युद्धानंतरचं आहे, स्लाइडवर (वरच्या सरकत्या भागावर) फ्रान्सच्या मानुरीन कारखान्याचा शिक्का. निळसर काळं पॉलिश अजून आरशासारखं आहे. ८ गोळ्या, पहिली गोळी डबल ॲक्शनवर (नुसता ट्रिगर ओढला की हॅमर, म्हणजे मागचा घोडा, आपोआप चढून पडतो), हॅमर सुरक्षितपणे खाली आणणारी सेफ्टी. हातात घेतलं आणि भावाला म्हटलं, दागिना आहे रे हा. किंमतही दागिन्याचीच सांगतात: नव्या देशी पिस्तुलाच्या कितीतरी पट. आयात १९८० च्या दशकात बंद झाली, म्हणून जुन्या परदेशी मालाला सोन्यासारखा भाव आहे हे कळतं. पण सोन्याची पारख मला आहे, पिस्तुलाची नाही.

तेव्हा जाणकारांनी सांगावं:

हा पैसा घडणावळीचा आहे की नुसत्या नावाचा? जुनं पिस्तूल घेताना नेमकं काय तपासायचं? आणि मुख्य म्हणजे, रोज अंगावर बाळगायला हे योग्य आहे का? मी ॲक्टिव्हावर जाते, दुकानात साडी नाहीतर कुर्ता असतो आणि मे महिन्यातलं नागपूर सगळ्यांना ठाऊक आहे. घरचे म्हणतात पर्समध्ये ठेव.

"शस्त्र घेऊच नका" हा सल्ला आईने देऊन झालाय, तो कृपया पुन्हा नको.

गार्ड्सवाला_कामठी:

ताई, आधी एकच काम करा. मॅगझीन काढा, चेंबर (नळीच्या मागची गोळी बसायची जागा) रिकामं आहे हे डोळ्यांनी बघा, मग सुरक्षित दिशेला नळी धरून स्लाइड पूर्ण मागे ओढा. सहज जमते का? बाकीचं सगळं त्यानंतर.

कारण सांगतो. सैन्याच्या ९ मिमीमध्ये गोळी सुटताना नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकलेली असतात. पीपीमध्ये नळी फ्रेमला पक्की आणि स्लाइडला थोपवायला फक्त तिचं वजन आणि स्प्रिंग. म्हणून कॅलिबर लहान असूनही स्प्रिंग कडक लागते. धडधाकट जवानांनाही पहिल्यांदा ओढताना चपापलेलं पाहिलंय. घाम आलेल्या हातांनी करून बघा.

आता तपासणी. नळीतून उजेड बघा, रायफलिंगच्या (आतल्या पिळदार खाचांच्या) कडा स्वच्छ हव्यात, गंजाचे खड्डे नकोत. पॉलिश आरशासारखं आहे म्हणता, तर मी उलट जास्त बारकाईने बघेन. पुन्हा पॉलिश केलेल्या पिस्तुलावर अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि पॉलिशखाली बरंच काही लपतं. फ्रेमवरचा नंबर डॉक्टरांच्या परवान्यावरच्या नंबराशी ताडून बघा. मॅगझीनचे ओठ (गोळी धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा) वाकलेले नसावेत. स्लाइड अडकण्याच्या निम्म्या तक्रारी तिथून निघतात. मूळ जादा मॅगझीन मिळत असेल तर त्याची किंमत वेगळी, कारण सुटे भाग इथे सहज मिळत नाहीत.

सगळ्यात महत्त्वाची ती सेफ्टी, जिचं तुम्ही कौतुक केलंत. खटका खाली केला की हॅमर पडतो, पण फायरिंग पिनला (गोळीच्या बुडावर आपटणाऱ्या सुईला) लागता कामा नये. भाग झिजले असतील तर हीच सोय जीवावर बेतू शकते. ही तपासणी रिकाम्या पिस्तुलावर आणि गनस्मिथकडूनच.

गोळ्या आपल्या खडकीच्या, बुडावर केएफ लिहिलेल्या. दुकानात ".३२ द्या" एवढंच म्हणू नका. रिव्हॉल्व्हरचं .३२ आणि पिस्तुलाचं .३२ ही वेगवेगळी काडतुसं आहेत. पीपीला ७.६५ ब्राउनिंग म्हणजेच .३२ एसीपी लागतं.

काळा_कोट:

वरचे साहेब यंत्राचं बोलले, मी कागदाचं बोलतो. खासगी परवानाधारकाकडून घेताय, म्हणजे डॉक्टरांनी आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं, त्यात तुमचं नाव-पत्ता, आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबायचं. तोवर पिस्तूल त्यांच्याच ताब्यात. "आत्ता घेऊन जा, कागद होत राहतील" असं कोणी म्हटलं तर हात जोडून परत या.

परवाना कुठल्या क्षेत्रासाठी आहे तेही बघा. महाराष्ट्रापुरता असेल तर छिंदवाड्याच्या व्यापाऱ्याकडे जाताना सावनेरपुढे किंवा जबलपूर रस्त्याने खवासा नाक्यापलीकडे ते तुमच्यासोबत असता कामा नये. आपल्याकडे सीमा इतकी जवळ आहे की हे विसरायला वेळ लागत नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्ये (पिस्तुलाच्या म्यानात), झाकलेलं आणि ताब्यात हवं. निवडणुकीच्या काळात जमा करायचा आदेश येऊ शकतो, तो गृहीत धरा.

आणि दसऱ्याला शस्त्रपूजा खुशाल करा, पण लग्नात हवेत बार नको. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे, किंवा दोन्ही.

संत्राबर्फी:

ताई, मले पिस्तुलातलं काही समजत नाही, पण पर्सचं समजते. आमच्या वहिनीची पर्स बर्डीवर भरदिवसा खेचून नेली जी. चोराले काय पाहिजे? पर्सच ना! मंग तुमी त्याले पैशासोबत पिस्तूल बी देऊन रायले. आन् डिक्कीत त ठेवूच नका, गाडीच गेली त बसा बोंबलत.

इतवारीकरीण (धागाकर्ती):

सगळ्यांचे मनापासून आभार. संत्राबर्फी, पर्सचा विषय आमच्या घरी तुमच्या प्रतिसादाने संपला. भावाला वाचून दाखवला.

गार्ड्सवाला काका, डॉक्टरांकडे जाऊन आले. स्लाइड ओढता येते, पण पूर्ण मागे नेताना मनगट वाकतं आणि नळी कुठे वळते याचा भरवसा राहत नाही. डॉक्टर स्वतःच म्हणाले, "मीही हल्ली ओढत नाही, नुसतं पुसून ठेवतो." नंबर जुळला. अक्षरांच्या कडांबद्दल मात्र तुम्ही म्हणालात तसंच आहे, थोड्या दबलेल्या वाटतात. म्हणजे त्या भावातली बरीच रक्कम नावाची, असं मी धरून चाललेय.

आता रिव्हॉल्व्हरचा विचार सुरू आहे. २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून गाजलेलं निर्भीक पाहिलं होतं. आपल्याकडे "महिलांसाठी" म्हणजे हलकं आणि महाग, असा माझा अनुभव साड्यांपासून स्कूटरपर्यंतचा आहे, त्यामुळे तिथे मन लागत नाही. कानपूरचं २०२३ मधलं प्रबल कोणी वापरलंय का? सिलिंडर (गोळ्या भरायचं फिरतं चाक) बाजूला उघडतं हे आवडलं.

गार्ड्सवाला_कामठी:

योग्य दिशेने चाललात. प्रबल रिकामं साधारण ७०० ग्रॅम, नळी ७६ मिमी. वजन पीपीएवढंच, पण ओढायला स्लाइड नाही आणि गोळी चालली नाही तर पुन्हा ट्रिगर दाबला की पुढचं काडतूस समोर येतं. मात्र डबल ॲक्शनचा ट्रिगर लांब आणि जड असतो. दुकानात रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर परवानगी घेऊन एकाच बोटाने सलग सहा वेळा दाबून बघा. सहाव्या वेळी समोरची माशी (नळीच्या टोकावरचा नेम धरायचा उंचवटा) हलली नाही, तर ते तुमचं. हलली, तर दुकानदार कितीही गोड बोलला तरी घेऊ नका.

इतवारीकरीण (धागाकर्ती):

शनिवारी जाते. जाता जाता आणखी एक: साडीवर कमरेला बसेल आणि ॲक्टिव्हावर बसताना पोटात रुतणार नाही असं चामड्याचं होल्स्टर नागपुरात कोणी मापाने शिवून देतं का? तयार मिळणारी सगळी पॅन्टच्या पट्ट्यासाठी आहेत.