जुनी स्टीलची रोड बाइक फ्रेम मिळतेय, घ्यावी का? पारख कशी करायची?

नमस्कार मंडळी,
एका जुन्या रोड बाइकची नुसती फ्रेम आणि फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) विकायला आहे. स्टिकर अर्धं सोललेलं, 'रेनॉल्ड्स ५३१' (नळ्या बनवणारी कंपनी आणि तिचं स्टील) एवढंच वाचता येतं. रंग बहुतेक नंतर दिलेला. चाकं, ब्रेक काही नाही, पण सीटपोस्ट (सीटचा दांडा) आणि बॉटम ब्रॅकेट (पॅडलच्या धुऱ्याचं बेअरिंग) फ्रेममध्येच आहेत. विकणारा म्हणतो, गाडी कधी पडलेली नाही. मला ती भिंतीवर टांगायची नाही, रोज चालवायची आहे. लग (नळ्यांच्या जोडावरच्या धातूच्या बाह्या) असलेल्या बारीक नळ्यांच्या फ्रेम मला फार आवडतात, पण अशी फ्रेम तपासून घ्यायचा अनुभव नाही. परवा प्रत्यक्ष बघायला जाणार आहे. काय काय बघू?

प्रतिसाद १
स्टिकर सगळ्यात शेवटी बघा. रंग नंतरचा असेल तर स्टिकरही नंतरचं असू शकतं.

आधी धडक शोधायची. गाडी समोरून आदळली की फोर्क मागे जातो आणि हेड ट्यूबला (हँडलखालच्या आखूड नळीला) लागून असलेल्या दोन्ही नळ्या, वरची टॉप ट्यूब आणि खालची तिरकी डाउन ट्यूब, खालच्या अंगाने चुरगळतात. डोळ्यांना हे पटकन दिसत नाही. डोळे मिटा आणि लगपासून मागे, नळीच्या खालच्या बाजूने, बोट हळूहळू फिरवा. माझी पहिली जुनी फ्रेम मी रंगाची चकाकी बघून घेतली होती. घरी आणून ओल्या फडक्याने पुसताना डाउन ट्यूबखाली बोट अडखळलं. केसाएवढा उंचवटा होता. उजेडात तिरकं धरल्यावर रंगाला गेलेली बारीक आडवी चीरही दिसली. ती फ्रेम मी कधी चालवली नाही. नळीला अशी सुरकुती असेल तर पुढचं काही तपासू नका, सरळ परत या.

एक छोटं लोहचुंबक खिशात ठेवा. नंतरच्या रंगाखाली पोचा पुट्टीने भरलेला असेल तर तिथे चुंबक धरत नाही.

मग फोर्क. बाजूला उभं राहून हेड ट्यूबची रेषा मनाने खाली वाढवा. फोर्कच्या पायांचा वरचा सरळ भाग त्याच रेषेत हवा, पुढचा बाक खाली सुरू होतो. वरचाच भाग मागे झुकलेला असेल तर धडक बसलेली आहे, विकणारा काहीही म्हणो.

प्रतिसाद २
वरच्या प्रतिसादाशी शंभर टक्के सहमत. मी नळ्यांबद्दल लिहितो.

५३१ हे मँगनीज-मॉलिब्डेनम स्टील १९३५ मध्ये आलं. त्या नळ्यांची खरी गंमत भिंतीच्या जाडीत आहे. टोकांना, म्हणजे लगमध्ये झाळ लागते तिथे, भिंत जाड आणि मधे पातळ. याला बटेड म्हणतात. रेनॉल्ड्सचं त्यावरचं पेटंट तर १८९७ चं आहे. पण '५३१' वाचून हुरळून जाऊ नका. काही स्टिकरवर नळ्या, फोर्क आणि मागचे स्टे (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या बारीक नळ्या) असं सगळं लिहिलेलं असतं, काहींवर फक्त तीन मुख्य नळ्या. दुसऱ्या प्रकारात बाकीचं स्टील साधं असू शकतं.

स्टिकरपेक्षा सीटपोस्ट खरं बोलतो. तो नळीच्या आत बसतो, म्हणून पोस्ट जितका जाड तितकी नळीची भिंत पातळ. व्हर्नियर (व्यास मोजायचं साधन) घेऊन जा. सीट ट्यूबचा (सीटखालच्या उभ्या नळीचा) बाहेरचा व्यास २८.६ मिमी आणि पोस्ट २७.२ चा असेल तर नळी पातळ भिंतीची, चांगल्या प्रतीची. २७.० किंवा २६.८ आलं तरी निराश होऊ नका, थोड्या जाड भिंतीच्या ५३१ नळ्याही होत्या. २६ च्या खाली गेलं तर मात्र शंका घ्या. फ्रेंच फ्रेमचा हिशेब निराळा. तिथे नळी २८.० ची आणि पोस्ट २६.४ चा, तरीही माल उत्तम असतो.

मागचे ड्रॉपआउटही (चाकाचा ॲक्सल बसतो त्या खाचांच्या पट्ट्या) बघा. घडीव, जाड आणि कंपनीचं नाव कोरलेले असतील तर बनवणाऱ्याने हात आखडता घेतलेला नाही. पत्र्यातून कापलेले असतील तर फ्रेम स्वस्तातली.

प्रतिसाद ३
रोज चालवायची आहे ना? मग सुटे भाग मिळतील का, हे आधी बघा.

बॉटम ब्रॅकेटच्या शेलची (तो ज्या आडव्या नळीत बसतो तिची) रुंदी मोजा. इंग्लिश ६८ मिमी, आणि चेनच्या बाजूला उलटे आटे. इटालियन ७० मिमी, दोन्हीकडे सुलटे आटे. फ्रेंचही ६८ च, पण आटे ३५ × १ मिमीचे, त्याचे भाग शोधताना दमछाक होते. मागच्या ड्रॉपआउटमधलं अंतर १२६ मिमी असेल तर ती सहा-सात गिअरच्या काळातली, १२० असेल तर त्याही आधीची. आजच्या रिम ब्रेकच्या रोड हबला (चाकाच्या मधल्या भागाला) १३० लागतं. स्टील असल्यामुळे १२६ चं १३० करता येतं, दोन्ही बाजूंना दोन-दोन मिमी.

प्रतिसाद २
करता येतं, पण नुसतं फाकवून हब कोंबू नका. फाकवल्यावर ड्रॉपआउट पुन्हा समांतर करावे लागतात, नाहीतर ॲक्सल वाकतो. आणि रेनॉल्ड्सच्याच ७५३ सारख्या उष्णता-प्रक्रिया केलेल्या पातळ नळ्यांवर हा प्रयोग करूच नका.

धागाकर्ता
आज जाऊन आलो, सगळ्यांचे मनापासून आभार! दोन्ही नळ्यांखालून तीनतीनदा बोट फिरवलं, कुठेही अडखळलं नाही. चुंबक सगळीकडे धरतं. फोर्क सरळ. एका ड्रॉपआउटपासून हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत दोरा ताणला आणि दोन्हीकडे सीट ट्यूबपासूनचं अंतर मोजलं, फरक १ मिमी. शेल ६८, चेनकडचे आटे उलटे, मागे १२६. सीटपोस्टचा बाहेरचा भाग २७.२! पण तो जागचा हलत नाही. तो आवळायचा बोल्ट पूर्ण काढला तरी नाही.

प्रतिसाद १
फ्रेम सरळ आहे, अभिनंदन. दोऱ्याला १ मिमी म्हणजे काहीच नाही. पोस्टचं मात्र हलक्यात घेऊ नका. ॲल्युमिनियमचा पोस्ट वर्षानुवर्षं स्टीलमध्ये राहिला की गंज दोघांना एकजीव करतो. पिळून काढायच्या नादात सीट ट्यूबच पिळवटलेल्या फ्रेम मी पाहिल्या आहेत. मी असतो तर सोडून दिली असती.

प्रतिसाद ३
मी नसती सोडली. बॉटम ब्रॅकेट काढून फ्रेम उलटी करा आणि गंज सोडवणारं तेल आतून सोडा, रोज थोडं, आठवडाभर. मग पोस्टवर बर्फ धरा. थंडीने ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट आकसतं, तेवढ्याने पकड सुटते. उष्णता दिली तर उलट आधी आणखी घट्ट होतो. कॉस्टिक सोड्याने पोस्ट विरघळवता येतो, पण त्यातून हायड्रोजन निघतो, द्रव तापतो, थेंब उडाला तर डोळे जातात. ते काम जाणत्याकडेच द्या.
आणि बॉटम ब्रॅकेट निघाला की टॉर्चने शेलच्या आत बघा. पाणी तिथेच साठतं. वरवरचा तांबूस गंज चालेल, पापुद्रे सुटत असतील तर नको.

धागाकर्ता
विकणाऱ्याशी बोललो. पोस्ट आणि बॉटम ब्रॅकेट तोच काढून ठेवतो म्हणाला, तेल आणि बर्फाचं त्याला सांगितलंय, पिळू नका म्हणूनही. पोस्ट निघाला आणि शेल आतून ठीक असला तरच घेणार, नाही निघाला तर नाही. टॉर्च घेऊन पुढच्या रविवारी परत जातोय.

प्रतिसाद २
पोस्ट निघाला की त्याच्या खालच्या भागावर ठोकलेला मापाचा आकडा इथे लिहा. आणि सीट लगचे दोन्ही कान (पोस्ट आवळायचा बोल्ट जातो ते) नीट बघा, बोल्ट जास्त आवळून तिथे चीर गेलेली असते. मागच्या खेपेला हे सांगायचं राहूनच गेलं.