जीमॅट रिटेक: ५९५ वर अडकलंय, ६५५ पर्यंत न्यायचंय, मदत हवी आहे

रानपाखरू

नमस्कार मंडळी, जाणकारांनी प्लीज वेळ काढून वाचा, थोडं लांबलंय.

मी नोकरी करत एमबीएसाठी जीमॅट देतेय. परवा निकाल आला, टोटल ५९५. क्वांट (गणित) ८२, व्हर्बल (इंग्रजी वाचन-तर्क) ८१, डेटा इनसाइट्स (डीआय, म्हणजे तक्ते-आलेखांवरचे प्रश्न) ७५. ऑफिशियल मॉकमध्ये (सराव परीक्षेत) मात्र ६२५-६३५ च्या आसपास येत होते त्यामुळे प्रत्यक्ष परीक्षेत नक्की काय झालं तेच कळत नाहीये. मला ज्या कॉलेजांमध्ये अप्लाय करायचंय तिथल्या बॅचचे सरासरी स्कोअर बघता ६५५ तरी हवेत, म्हणजे रिटेक करायचा हे नक्की आहे, देऊ की नको हा प्रश्नच नाही.

प्रश्न असा आहे की अभ्यासाची पद्धत काय बदलू. आत्तापर्यंतची पद्धत म्हणजे ऑफिशियल गाईडचे प्रश्न सोडवायचे, चुकलेल्याचं एक्स्प्लनेशन वाचायचं, पुढे जायचं. एक्स्प्लनेशन वाचलं की सगळं समजतं हो, पण तसाच प्रश्न वेगळ्या कपड्यात आला की परत तिथेच अडकते. क्वांटमध्ये कन्सेप्ट माहीत नाही असं फारसं होत नाही. डीआयमध्ये वेळ पुरत नाही, शेवटचे चार-पाच प्रश्न अंदाजाने टाकावे लागतात. व्हर्बलमध्ये क्रिटिकल रीझनिंगला दोन ऑप्शन उरतात आणि मी नेमका दुसरा निवडते.

ऑफिसातले एक दोन जण म्हणाले क्वांट तुझं स्ट्राँग आहे तर तेच ८७-८८ ला ने, बाकीचं आपोआप सावरेल. हे बरोबर आहे का? आणि परत किती गॅपने द्यावी, आधीचा कमी स्कोअर कॉलेजांना दिसतो का, तेही सांगा. रिटेक करून स्कोअर वाढवलेल्यांनी तर नक्कीच लिहा, खूप आधार होईल.

गणितवेडा

आधी सोपं उरकतो. परत द्यायला मधे १६ दिवस जाऊ द्यावे लागतात आणि कुठल्याही १२ महिन्यांत ५ वेळा देता येते. कॉलेजला तुम्ही पाठवाल तोच स्कोअर जातो, आता स्कोअर बघून मग कुठे पाठवायचा ते ठरवता येतं, त्यामुळे ५९५ ची चिंता डोक्यातून काढून टाका. स्कोअर ५ वर्षं चालतो. १६ दिवस हा नियम झाला, पण एवढ्यात पद्धत बदलत नाही, दोन महिने तरी हातात ठेवा असं माझं मत.

आता मुख्य मुद्दा. क्वांट ८७-८८ ला न्या हा सल्ला मला अजिबात पटला नाही. हा जुन्या परीक्षेचा हिशोब आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात फोकस एडिशन आली, २०२४ च्या जानेवारीअखेर जुनी बंद झाली, तेव्हापासून तिन्ही सेक्शनचं वजन सारखं आहे. प्रत्येक सेक्शन ६० ते ९०, टोटल २०५ ते ८०५. म्हणजे तिन्ही मिळून ९० पॉइंटांची रेंज आणि टोटलची ६०० ची, म्हणजे सेक्शनमधला एक पॉइंट टोटलला साधारण सहा-सात पडतो, मग तो कुठल्याही सेक्शनचा असो. तुमची बेरीज २३८ आहे, ६५५ ला २४७ च्या आसपास लागते. नऊ पॉइंट हवेत. आता ८२ चं ८८ करणं आणि ७५ चं ८० करणं यात सोपं काय? क्वांटमध्ये वर चढत जाल तसं एकेक चूक महाग पडते, आणि डीआयमध्ये तर तुम्ही चार-पाच प्रश्न वाचतच नाही आहात! ते नुसते वाचून सोडवायला मिळाले तरी तिथले दोन-तीन पॉइंट समोर पडलेत.

आणखी एक, डीआयमध्ये सगळ्यांचेच मार्क कमी येतात त्यामुळे ७५ चा पर्सेंटाइल दिसतो तेवढा वाईट नाही, खचू नका.

सावली_१२

रानपाखरू, दोन ऑप्शन उरतात आणि चुकीचा निवडला जातो हे अगदी ओळखीचं दुखणं आहे, माझ्या रिटेकमध्ये सगळ्यात जास्त फरक तिथेच पडला म्हणून सविस्तर लिहिते.

सीआरमध्ये बहुतेक लोक पॅसेज वाचून थेट ऑप्शनवर जातात आणि मग ऑप्शन एकमेकांशी ताडून बघतात. तिथेच घोळ होतो कारण चुकीचा ऑप्शन लिहिणाऱ्याने तो खरा वाटावा म्हणूनच लिहिलेला असतो. ऑप्शन वाचायच्या आधी स्वतःच्या शब्दांत दोन गोष्टी ठरवायच्या, लेखकाचा निष्कर्ष नेमका काय, आणि पुराव्यापासून निष्कर्षापर्यंत जाताना त्याने काय गृहीत धरलंय. एक उदाहरण देते, मीच बनवलंय. एका कंपनीने ट्रेनिंग सुरू केलं, त्यानंतर तक्रारी कमी झाल्या, म्हणून ट्रेनिंगचा उपयोग झाला. वीकन करा, म्हणजे हा निष्कर्ष कमकुवत करणारा ऑप्शन निवडा. आता एक ऑप्शन असेल 'काही कर्मचाऱ्यांना ट्रेनिंग कंटाळवाणं वाटलं' आणि दुसरा 'त्याच काळात ग्राहकांची संख्या निम्म्यावर आली'. असे शेजारी शेजारी ठेवले की सोपं वाटतं, पण परीक्षेत पहिलाच ऑप्शन ट्रेनिंगबद्दल वाईट बोलतो म्हणून मोह पडतो. निष्कर्ष 'उपयोग झाला' हा आहे, 'आवडलं' हा नाही. तक्रारींची संख्या कमी झाली पण दर कमी झाला का, ही फट आधी दिसलेली असेल तर दुसरा ऑप्शन आपोआप उचलला जातो.

म्हणून चुकलेल्या प्रश्नाचं एक्स्प्लनेशन वाचून पुढे जाणं बंद करा. एक्स्प्लनेशन बंद ठेवून आधी स्वतः लिहायचं, मी जो निवडला तो मला बरोबर का वाटला आणि तो नेमक्या कुठल्या शब्दामुळे चुकतो. 'सिली मिस्टेक' असं वहीत लिहायला बंदी! 'निष्कर्षाऐवजी विषयावर गेले', 'सम (some) चं मोस्ट (most) वाचलं', 'पॅसेजमध्ये नसलेली माहिती बाहेरून आणली' असं लिहायचं. पन्नासेक प्रश्न असे लिहून झाले की तीन-चारच कारणं सारखी सारखी येताना दिसतील. तीच तुमची परीक्षा, बाकीचा अभ्यास त्यामानाने कमी महत्त्वाचा.

गणितवेडा

सावलीताईंना +१. हेच क्वांट आणि डेटा सफिशियन्सीला (डीएस, म्हणजे दिलेली दोन विधानं उत्तराला पुरेशी आहेत का ते ठरवायचे प्रश्न) पण लागू आहे, आणि डीएस आता डीआयमध्ये गेलंय हे लक्षात घ्या, म्हणजे तुमचं क्वांट चांगलं असेल तर तिथे तुम्हाला वेळ वाचवायची जागा आहे.

साधा डीएस घ्या. क्ष ची किंमत किती? पहिलं विधान: क्ष चा वर्ग बरोबर ४ गुणिले क्ष. दुसरं: क्ष शून्य नाही. घाईत माणूस पहिल्या विधानात दोन्ही बाजूंना क्ष ने भागतो, क्ष = ४ येतं आणि ए (पहिलं विधान एकटंच पुरेसं) मारून मोकळा होतो. पण क्ष शून्य असू शकतो तोवर भागताच येत नाही, पहिल्या विधानातून ० आणि ४ दोन किंमती निघतात, दुसऱ्या विधानाने शून्य उडतं, उत्तर सी (दोन्ही मिळून पुरेशी). आता हे चुकलं तर वहीत 'अल्जेब्रा कच्चा' असं लिहून काही होणार नाही, अल्जेब्रा पक्काच आहे. 'चलाने भागण्याआधी शून्य तपासलं नाही' असं लिहा. पुढच्या वेळी वेगळ्या कपड्यात आलं तरी ओळखू येईल, तुम्ही तेच म्हणत होतात ना.

निवांत

टायमिंगबद्दल लिहितो कारण मॉक ६३५ आणि प्रत्यक्षात ५९५ यामागे मला तेच दिसतंय.

तिन्ही सेक्शन ४५ मिनिटांचे, पण प्रश्न क्वांटला २१, व्हर्बलला २३, डीआयला २०. प्रत्येक प्रश्नाला घड्याळ बघायचं नाही, त्याने डोकं दुखतं. क्वांटला सात प्रश्न झाले की ३० मिनिटं उरायला हवीत, चौदा झाले की १५. डीआयला मल्टी सोर्स आला की हे गणित विस्कटतं कारण तिथे आधी दोन-तीन टॅब वाचण्यात वेळ जातो आणि मग त्यावरचे प्रश्न पटापट सुटतात, त्यामुळे तो सेट चालू असताना घाबरायचं नाही, संपल्यावर घड्याळ बघायचं.

आणि सोडायला शिका. तीन मिनिटं झाली, अजून रस्ता दिसत नाही, तर उत्तर टाका, बुकमार्क करा, पुढे चला. परीक्षा अडॅप्टिव्ह आहे, म्हणजे तुमच्या उत्तरांप्रमाणे पुढचे प्रश्न सोपे-अवघड होतात, अवघड प्रश्न येणं म्हणजे तुमचं बरं चाललंय, तो चुकला तर फार बिघडत नाही. बिघडतं ते शेवटी प्रश्न कोरे राहिले तर, त्याची पेनल्टी जबर आहे. बुकमार्क कितीही करता येतात पण सेक्शनच्या शेवटी उत्तरं फक्त तीनच बदलता येतात आणि तीही वेळ उरला असेल तरच, म्हणून त्या सोयीच्या भरवशावर बसू नका. डीआयमध्ये ज्या प्रश्नाला दोन-तीन भाग असतात तिथे सगळे भाग बरोबर असतील तरच मार्क, अर्धे मिळत नाहीत. त्यामुळे एखाद्या टेबल अॅनालिसिसचा तिसरा भाग जमतच नसेल तर त्यावर आणखी दोन मिनिटं घालवणं परवडत नाही.

ऑफिशियल स्कोअर रिपोर्ट नीट बघितलात का? टॉपिकप्रमाणे कामगिरी आणि प्रश्नांना लागलेला वेळ त्यात दिसतो. बघून इथे टाका, मग नक्की बोलता येईल.

रानपाखरू

बापरे, एवढं कोणी समजावून सांगितलंच नव्हतं, मनापासून धन्यवाद सगळ्यांना.

रिपोर्ट आत्ता उघडून बघितला. डीआयमध्ये सुरुवातीच्या एका ग्राफच्या प्रश्नाला जवळजवळ पाच मिनिटं गेलीत आणि तो चुकलाय, आणि शेवटच्या प्रश्नांना अर्धा-अर्धा मिनिट. क्वांटमध्ये पण तेच आहे, दोन प्रश्नांना चारच्या वर. सीआरमध्ये वीकन आणि असम्प्शन (गृहीतक शोधायचे) दोन्ही कमी, रीडिंग कॉम्प्रिहेन्शन चांगलंय.

दोन शंका राहिल्या. मी क्रम क्वांट, व्हर्बल, डीआय असा ठेवला होता, तो बदलू का? आणि दोन्ही फ्री मॉक देऊन झालेत, तेच परत दिले तर चालतील का, की विकतचे घेऊ?

ओंजळभर

मधेच विचारतो, जीआरई चा (जीमॅटसारखीच दुसरी प्रवेश परीक्षा) विचार केला नाहीत का? बऱ्याच बी-स्कूलना चालते, क्वांटला कॅल्क्युलेटर मिळतो आणि सेक्शनच्या आत मागे-पुढे हवं तसं जाता येतं.

सावली_१२

ओंजळभर, चांगला पर्याय आहे पण यांच्या बाबतीत मला नको वाटतं. तिथे शब्दसंग्रहाचा वेगळा अभ्यास सुरू करावा लागेल आणि इथे तर दुखणं कुठंय ते सापडलंय. अजून दोनदा देऊनही हललं नाही तर बघता येईल.

निवांत

पाच मिनिटांचा तो ग्राफच सगळं सांगतोय. तिथे तीन मिनिटांवर सोडला असता तर शेवटच्या दोन-तीन प्रश्नांना नीट वेळ मिळाला असता.

क्रम बदला, माझा आग्रह आहे. सहाच्या सहा क्रम चालतात आणि १० मिनिटांचा एक ब्रेक पहिल्या किंवा दुसऱ्या सेक्शननंतर घेता येतो. सगळ्यात जास्त वाचावं आणि निवडावं लागतं तो सेक्शन डोकं थकल्यावर कशाला? डीआय पहिला, ब्रेक, मग व्हर्बल, शेवटी क्वांट, कारण क्वांट तुमच्या हातात बसलंय. पण हे परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा करू नका, मॉकमध्ये करून बघा.

मॉकचं म्हणाल तर ऑफिशियल परत देता येतात पण काही प्रश्न परत भेटतात आणि स्कोअर फुगतो. एक विकतचा ऑफिशियल मॉक शेवटच्या दोन आठवड्यांसाठी कोरा ठेवा, आधीच्यांना सरावापुरतंच धरा. सेंटरवर देणार असाल तर कागद मिळत नाही, पुसता येणारं पॅड आणि मार्कर मिळतो, त्यावर आकडेमोड करायची सवय घरीच लावून घ्या, नाहीतर मार्कर फिसकटण्यातच वेळ जातो.

आत्ता महिनाभर मॉक नकोच. रोज डीआयचे दहा प्रश्न घड्याळ लावून, आणि त्यातला एक तरी तीन मिनिटांवर मुद्दाम सोडायचा, सुटत आला असला तरी. मग डीआय पहिला घेऊन एक मॉक द्या आणि प्रत्येक सेक्शनला १५ मिनिटं उरली असताना कितव्या प्रश्नावर होतात तेवढे तीन आकडे इथे लिहा, तारीख कधीची घ्यायची ते त्यावरून ठरवू.