मुंबईच्या इस्पितळातून गावाला आलेला फोन : तुमचे अनुभव सांगा

गेल्या पौषात अप्पांना मुंबईला न्यावं लागलं. साधी सर्दी म्हणून चार दिवस घरीच काढा आणि गोळ्या चालल्या होत्या. पाचव्या दिवशी त्यांचे ओठ निळसर दिसायला लागले. राजापूरहून रत्नागिरी, तिथून मुंबईतलं एक मोठं रुग्णालय. फ्लूचा न्यूमोनिया झाला म्हणाले आणि थेट अतिदक्षता विभागात घेतलं. दादा सोबत गेला. आई आणि मी घरी.

आमच्या घरात रेंज नाही. वर सड्यावर एका ठरावीक कातळावर उभं राहिलं की मोबाइलला दोन दांड्या येतात. रोज संध्याकाळी पाचला भेटायची वेळ संपली की दादा फोन करायचा, म्हणून मी पावणेपाचलाच वर जाऊन थांबायचे. कलमं मोहोरली होती, आजूबाजूच्या बागांतून फवारणीचे पंप चालू असायचे. आई खाली गडग्यापाशी मान वर करून उभी. दादा सांगायचा, "डॉक्टर म्हणाले, स्थिर आहेत." मी वरून ओरडायचे, "स्थिर आहेत गो आई!" त्यावर तिचा एकच प्रश्न असायचा, "पेज घेतली काय?"

तिसऱ्या दिवशी दादा रडतच बोलला. व्हेंटिलेटर लावला होता. खाली आल्यावर आई मला म्हणाली, "काल तर बरे आहेत म्हणालीस." मी तसं म्हटलंच नव्हतं. पण 'स्थिर' म्हणजे बरं, असंच तिने धरलं होतं, आणि खरं सांगायचं तर मीही. कालच्यासारखंच आहे एवढाच त्याचा अर्थ, आणि कालचं गंभीर असेल तर आजचंही गंभीरच, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून हा धागा. मोठ्या शहरातल्या इस्पितळात आपलं माणूस आणि आपण कोकणात, असं ज्यांच्या वाट्याला आलं त्यांनी लिहा. बातमी कशी पोचली, कोणत्या शब्दाने घात केला, कुणी नीट समजावून सांगितलं. रुग्णालयाबद्दल तक्रार असेल तर त्याचं नाव नको, माणसांची नावंही नकोत.

मालवण, निवृत्त परिचारिका

अगं, आईला माझा नमस्कार सांग. तिची काही चूक नाही.

मी मालवणच्या टोपीवाला हायस्कुलात शिकले आणि मुंबईला गेल्यावर नोकरीही टोपीवाला नावाच्याच मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, म्हणजे नायरला लागली. १९२१ सालची संस्था. कोकणातला माणूस वॉर्डात आला की पाटी न वाचता बोलण्यावरून कळायचं. मग मी मुद्दाम मालवणीत विचारायचे, "खंयचे तुम्ही?" त्या एका प्रश्नाने माणसाचे खांदे खाली यायचे. मी ते शेकडो वेळा पाहिलंय.

आमच्या बाजूचं सांगते. फोनवर आम्ही तब्येत सांगत नाही, कारण पलीकडे मुलगा आहे की आणखी कुणी, ते आवाजावरून कळत नाही. पाळी बदलते तेव्हा एक जण ओव्हर देते, म्हणजे पेशंटची सगळी माहिती सोपवते, आणि दुसरी घेते. त्या वेळी नातेवाईक विचारायला आले की त्यांना तुटक उत्तर मिळतं आणि वाईट वाटतं. डॉक्टरांचा सकाळचा राउंड झाल्यावर विचारा. घरातल्या एकानेच विचारा, रोज त्याच माणसाने. आणि 'कसे आहेत?' हा प्रश्न सोडून द्या. त्याला 'स्थिर' हेच उत्तर येणार. 'कालपेक्षा आज काय बदललं?' असं विचारा. मग ऑक्सिजन वाढवला की कमी केला, ताप किती, लघवी किती झाली, शुद्धीवर आहेत का, नळीतून किती पोटात गेलं, हे सगळं आपोआप बाहेर येतं. तुझ्या आईचा पेजेचा प्रश्न अगदी बरोबर होता. आम्हीही चार्टवर तेच लिहितो.

थंडीत मुंबईत वारा पडतो, धूळ आणि धूर जमिनीलगत राहतो. दम्याचे आणि जुन्या खोकल्याचे पेशंट डिसेंबरपासून वाढायला लागतात. फ्लूची एक लाट पावसाळ्यानंतर येते, दुसरी जानेवारी ते मार्च. घरात साठीच्या पुढचं कुणी असेल, साखर किंवा दमा असेल, तर फ्लूची लस दरवर्षी घ्यायची असते हे डॉक्टरांना विचारून घ्या. एकदा घेतली म्हणजे झालं, असं नाही.

देवगड

आमच्या काकांचा अनुभव लिहिताना अजून हात थरथरतो.

काका मुंबईत व्हेंटिलेटरवर होते. चुलतभावाने रात्री वाडीतल्या एकाला फोनवर सांगितलं, "आता काही खरं नाही." बस, एवढंच. सकाळी साडेसहाला गावाच्या ग्रुपवर काकांचा फोटो, हार, पणती, भावपूर्ण श्रद्धांजली. काकू तेव्हा चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. शेजारची बाई आत आली ती रडतच. काकूच्या हातातला गोळा तसाच परातीत पडला. मी मुंबईला फोन लावतोय तर भाऊ उचलत नाही, कारण तो आयसीयूच्या बाहेर बाकावर झोपला होता. पन्नास मिनिटं. तेवढ्यात पडवीत चाळीसेक माणसं जमली, कुणी मुंबईहून येणाऱ्या अॅम्ब्युलन्सचं भाडं विचारत होतं, कुणी लाकडांचं बोलत होतं.

भावाने फोन उचलला आणि म्हणाला, "अरे, आत्ताच आत जाऊन आलो, डोळे उघडलेत."

ज्याने टाकलं त्याला आपण लवकर कळवलं असंच वाटत होतं. त्याचा हेतू वाईट नव्हता, पण मी त्याला माफ केलेलं नाही. काका पुढे अकरा दिवस होते. त्या अकरा दिवसांत काकूने एकही फोन स्वतः घेतला नाही. रिंग वाजली की ती उठून मागच्या दारी जायची.

दोडामार्ग

आमच्याकडे थंडी म्हणजे काजूला मोहोर आणि माकडतापाची धास्ती. हा आजार पहिल्यांदा कळला १९५७ साली, कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात. आमच्या तालुक्यात २०१६ च्या जानेवारीत आला. रानातल्या गोचिडीने होतो, माणसापासून माणसाला होत नाही. पण हे वाक्य गावात रुजायला दोन हंगाम गेले.

माझ्या बायकोला काजूच्या बागेत काम करताना ताप भरला. डोकं फुटेल असं दुखायचं, अंग मोडून यायचं, दात घासताना हिरड्यांतून रक्त. बांबोळीक नेली. आमच्या भागातल्या माणसांना मुंबई लांब, गोव्याचं मेडिकल कॉलेज जवळ. ती तिथे असताना इथे अफवा सुटली की आमच्या घरातलं पाणीही प्यायचं नाही. मुलं शाळेत एकटी बसायची. आरोग्य केंद्रातल्या बाई स्वतः वाडीत आल्या, आमच्या पडवीत बसून चहा प्यायल्या आणि चार जणांसमोर म्हणाल्या, "मी पितंय, बघा." दवंडी पिटून जे झालं नसतं ते त्या कपाने झालं.

तिथल्या डॉक्टरांनी सोडताना मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की या तापावर खास औषध नाही, आधार द्यायचा आणि अंगातल्या ताकदीने माणूस उठतो. शंभरातले तीन ते पाच दगावतात, म्हणजे बाकीचे वाचतात. आणि ताप उतरून आठ-पंधरा दिवसांनी काही जणांना परत भरतो, तेव्हा मान ताठ होणं, भ्रम होणं असं दिसलं तर वेळ घालवू नका. नवव्या दिवशी पहाटे ती मला ओळखेना. मी घाबरलो, पण गोंधळलो नाही. काय चाललंय ते मला माहीत होतं. १०८ ला फोन केला आणि त्यांना तोच मजकूर सांगितला जो डॉक्टरांनी मला सांगितला होता. आज ती बरी आहे, या वर्षी बागेत जाताना अंगाला तेल लावून, पायात मोजे घालून जाते.

चिपळूण

२६ नोव्हेंबर २००८, मुंबईवरच्या हल्ल्याची रात्र. बाबा कोकणकन्येने घरी यायचे होते. गाडी तेव्हा सीएसटीहून रात्री ११ वाजून ५ मिनिटांनी सुटायची, जनरलमध्ये जागा मिळावी म्हणून ते लवकरच जाऊन बसले होते.

टीव्हीवर खालची पट्टी दर दहा मिनिटांनी बदलत होती. मृत इतके, जखमी तितके. रात्रभर मी आकडे वाचले आणि एकाही आकड्यातून मला बाबा सापडले नाहीत. त्यांचा फोन आधी वाजत होता, मग बंद लागायला लागला. आमच्या वाडीतला एक मुलगा माझगावला खोली घेऊन राहायचा. शहर बंद असताना तो पहाटे चालत जेजेला गेला. तिथे हाताने लिहिलेली जखमींची यादी लागली होती. फोन कानाला धरून तो एकेक नाव वाचत गेला. मी आणि आई ऐकत होतो. दुसऱ्या कागदावर बाबा निघाले, आडनावात एक अक्षर चुकलेलं, पण वय आणि गाव बरोबर. पायाला गोळी लागली होती.

त्या स्थानकात ५८ माणसं गेली. त्या मुलाने आमच्यासाठी वाचलेल्या प्रत्येक नावाच्या मागेही एक घर जागं असणार, हे मला बऱ्याच वर्षांनी जाणवलं. तेव्हा फक्त आपलंच नाव हवं होतं. यादी कुणी लिहिली ते मला माहीत नाही. त्या गर्दीत, त्या रात्री, कुणीतरी बाबांना गाव विचारलं आणि लिहून घेतलं.

अलिबाग

थोडंसंच. भावाला शस्त्रक्रियेसाठी बी निगेटिव्ह रक्त हवं होतं, वर्षअखेरच्या सुट्ट्यांत शिबिरं नव्हती, म्हणून मेसेज टाकला. संध्याकाळपर्यंत सोय झाली. पण तो मेसेज पुढे दीड महिना फिरत राहिला आणि मला रात्री दोनला परभणीहून फोन आला, "रक्त द्यायला निघू का?" त्या अनोळखी माणसाचे पाय धरावेसे वाटले. रक्ताच्या मेसेजवर तारीख लिहा, रक्तपेढीचं नाव लिहा, आणि गरज संपली की तसं कळवणारा दुसरा मेसेज टाका.

दापोली

आमच्याकडे 'टाटाला नेलं' एवढं म्हटलं की पुढे कुणी आजाराचं नाव विचारत नाही. १९४१ पासून परळला उभं असलेलं हे रुग्णालय, कोकणातल्या किती घरांना ते माहीत आहे! त्यामुळे आजीला काय सांगायचं, हाच मोठा प्रश्न होता. मामाने ठरवलं, सांगायचं नाही. 'पोटातली गाठ, मोठ्या डॉक्टरला दाखवून येऊ.' आम्ही सगळ्यांनी मान डोलावली.

दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलो होतो. डिसेंबरची सकाळ, उन्हाला बसलेल्या बायका, बहुतेकींच्या डोक्याला रुमाल. आजी बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "सगळ्यांनीच रुमाल बांधलेत." मी म्हटलं, थंडी आहे ना. तिने काही उत्तर दिलं नाही. दुपारी मला जवळ बोलावून पाटल्या काढायला सांगितल्या. साबण लावून एकेक काढली. "ह्या तुझ्या आईकडे दे. सुया लावून हात सुजला की निघायच्या नाहीत."

तिला सगळं कळलं होतं आणि आम्ही आणखी दोन महिने नाटक करत राहिलो. बायोप्सीचा रिपोर्ट आला तेव्हा मामा, आई, मी, सगळे एका खोलीत जाऊन बोललो आणि जिचा रिपोर्ट होता ती बाहेर एकटी बाकावर बसली. मला त्याची खंत आहे. सांगायला हवं होतं. तिच्या भाषेत, तिच्या गतीने, पण सांगायला हवं होतं.

पुढे जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थ्री टायर एसीत पूर्ण सवलत असते, सोबतच्या एकाला ७५ टक्के. त्यासाठी ठरावीक नमुन्यातला रुग्णालयाचा दाखला लागतो. आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या कक्षात आरोग्यमित्र बसतात, रेशन कार्ड आणि आधार घेऊन पहिल्याच दिवशी त्यांना भेटा. १५५३८८ वर फोन करूनही विचारता येतं.

राजापूर, धागा सुरू करणारी

सगळ्यांचं वाचलं. देवगडच्या दादा, तुमच्या काकूंचं मागच्या दारी जाणं आईला वाचून दाखवलं. ती नुसती मान हलवत राहिली.

अप्पांचं विचारलंत. ते एकविसाव्या दिवशी घरी आले. घशात नळी होती त्यामुळे आवाज महिनाभर बसलेला होता, आता सुटलाय. सड्यावर चढत नाहीत, गडग्यापर्यंत जातात. मालवणच्या मावशींनी जो प्रश्न सांगितला, तसाच काहीसा दादाला तिथल्याच एका सिस्टरांनी चौथ्या दिवशी शिकवला होता, आणि त्याने शंभर पानी वही घेतली होती. ती काल कपाटातून काढली. एका पानावर एवढंच आहे:

"दिवस बारावा. नळी काढली. ऑक्सिजन सकाळी ६ लिटर, संध्याकाळी ४. ताप नाही. मला ओळखलं. पेज अर्धी वाटी, चमच्याने. आईला हे आधी सांगणे."