मदत हवी आहे: सागवानी गिटारवर लॅकर पांढरा पडलाय

नमस्कार मंडळी. आजोबांच्या घराचा जुना सागवानी दरवाजा उतरवला, त्याच्या फळीतून टेलिकास्टर या इलेक्ट्रिक गिटारच्या आकाराची बॉडी कापली. नेक (गिटारची मान) तयार घेतला, साडेपंचवीस इंची स्केलचा, म्हणजे तारेची वाजती लांबी तेवढी. पिकअप (तारांची कंपनं पकडणारा भाग), ब्रिज (तारा टेकतात ती पट्टी), खुंट्या धरून सगळं ६ हजारांत बसवायचंय, म्हणून कॉम्प्रेसर, स्प्रे गन नको.

अडलंय फिनिशिंगला. आधी १८०, मग ३२० नंबरचा पॉलिश पेपर मारला, सँडिंग सीलरचे (लाकडाची छिद्रं बुजवणारा खालचा थर) दोन हात दिले आणि वर कापडाच्या बोळ्याने एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर. बाहेर संततधार. सकाळी बघतो तर कडांना दुधाळ ढग, आणि नेकच्या खाचेपाशी नखाने पापुद्रा निघतोय! ढग दमट हवेमुळे आले, हे कळतंय. पापुद्रा सागाच्या तेलामुळे असावा. सीलरआधी लाकूड थिनरने पुसायला हवं होतं.

आता थिनरचा हलका हात फिरवून ढग जातील का? की सगळं खरवडून स्पिरिटमधल्या चपड्याचं (लाखेचं) पॉलिश करू? चपडा तेलकट लाकडावरही धरतो, पण वाजवताना घामाचा हात सतत घासतो तिथे टिकतो का? कुणी गिटारवर वापरलाय?

फळीवर आजोबांनी चाकूने केलेली माझ्या उंचीची खूण आहे. खरवडताना ती जायला नको.