मदत हवी आहे: योहानाच्या शुभवर्तमानाचा पपायरस (पी ५२), साल काय छापू?

नमस्कार मंडळी. जरा घाईचं काम आहे.

लेकीकडे मँचेस्टरला गेलो होतो, तेव्हा डीन्सगेटवरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात हा पपायरसचा (लव्हाळ्यासारख्या वनस्पतीपासून केलेल्या प्राचीन कागदाचा) तुकडा पाहिला; ‘पी ५२’ हा त्याचा अभ्यासकांच्या यादीतला क्रमांक. चिठोराच म्हणा, जेमतेम ९ सेंमी उंच आणि ६ सेंमी रुंद. त्यावर दिवाळी अंकासाठी लेख लिहिलाय. पुढच्या बाजूला बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायातली ३१ ते ३३ ही वचनं, मागे ३७-३८, दोन्हीकडे सात-सात तुटक ओळी. येशूची रोमन सुभेदार पिलातापुढची चौकशी, आणि मागच्या बाजूला पिलाताचा तो प्रसिद्ध प्रश्न, ‘सत्य म्हणजे काय?’ मजकूर दोन्ही बाजूंना आहे, म्हणजे ही गुंडाळी नसून शिवलेली पोथी होती, हेही कळलं.

घोडं अडलंय ते सालापाशी. मी ‘इ.स. १२५’ लिहिलं. संपादकबाई विचारतात, तुकड्यावर साल आहे का? नाही! मग हे १२५ आलं कुठून?

प्रतिसाद १
अक्षराच्या वळणावरून. तारीख नसलेलं मोडी पत्र शिवकालीन की पेशवेकालीन हे जाणकार वळणावरून सांगतात ना, तसंच. पपायरसांचे अभ्यासक ग्रेनफेल यांनी १९२० मध्ये हा तुकडा इजिप्तमध्ये विकत घेतला, पण त्यात काय आहे ते ओळखून १९३५ मध्ये छापलं कॉलिन रॉबर्ट्सनी. त्यांनी इतर पपायरसांशी अक्षर ताडून दुसऱ्या शतकाचा पूर्वार्ध म्हटलं होतं. ‘१२५’ हा नंतर लोकांनी त्याचा केलेला सोयीचा आकडा.

अडचण अशी की रॉबर्ट्सनी ताडून पाहिलेल्यांपैकी एक, एगर्टन पपायरस (एका अज्ञात शुभवर्तमानाचे तुकडे), स्वतःच बिनतारखेचा. त्याचाच आणखी एक तुकडा १९८७ मध्ये जर्मनीतल्या कलोनच्या संग्रहातून प्रसिद्ध झाला. त्यात दोन व्यंजनांमध्ये आकडीसारखी खूण दिसली, आणि ती तिसऱ्या शतकात जास्त आढळते. झालं, एगर्टनचा काळ अनेकांनी २०० च्या आसपास सरकवला, आणि पी ५२ च्या काळाचा एक आधार डळमळला. अभ्यासक ब्रेंट नाँगब्रींनी २००५ मध्ये बजावलं की पी ५२ साठी दुसऱ्या शतकाची अखेर, अगदी तिसऱ्याची सुरुवातही नाकारता येत नाही. ओर्सिनी आणि क्लारिस हे अभ्यासक (२०१२) १२५ ते १७५ म्हणतात. शिवाय लेखनिक तरुणपणी जे वळण गिरवतो तेच म्हातारपणापर्यंत चालवतो, तेव्हा नुसत्या अक्षरावरून एक साल काढणं धाडसाचंच. ‘बहुधा दुसरं शतक’ छापा.

प्रतिसाद २
सालाचं सोडा, लेखात मोठी चूक दुसरीच आहे. मागच्या बाजूला ओळींची फक्त शेवटची टोकं उरलीत. ‘त्याला म्हणतो’ एवढं दिसतं, पुढच्या ओळीत थेट ‘आणि हे’. मधला ‘सत्य म्हणजे काय’ फाटून गेलाय. तो अभ्यासकांनी भरलेला मजकूर आहे.

धागाकर्ता
दोघांचे आभार. साल बदलतो. पण दुसरा घोळ कसा निस्तरू? लेखाचं शीर्षकच ‘सत्य म्हणजे काय?’ आहे, आणि चित्रकाराने तुकड्याच्या चित्रावर ते ठळक अक्षरांत काढूनही दिलंय!